१९५२ ची एमजी टीडी घरीच उभी करायची आहे, हात कुठे घालावा?

वाडा_आणि_शेड (आर्वी तालुका, जि. वर्धा)

नमस्कार मंडळी. घरी १९५२ ची एमजी टीडी आहे, म्हणजे जुनी ब्रिटिश दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार. कित्येक वर्षं गोठ्याशेजारच्या टिनाच्या शेडमध्ये उभी. इंजिन फिरत नाही. ब्रेकचं पॅडल खाली जाऊन बसलंय. ड्रायव्हरकडचं दार उचलून धरल्याशिवाय लागत नाही. टाकीतून आंबूस वास येतो, वायरिंग उंदरांनी कुरतडलंय. पत्रा बराचसा शाबूत आहे, फक्त दारांच्या तळाशी गंज. जुनं रजिस्ट्रेशनचं पुस्तक सापडलंय.

माणसं: मी, बायको, कॉलेजातली मुलगी, नववीतला मुलगा, आणि वडील (वय ७४, बैलबंडीचं सगळं लाकूडकाम येतं). हत्यारं ट्रॅक्टरपुरती. लेथ तालुक्याला. गावचा मिस्त्री म्हणतो, पूर्ण खोला आणि आधी रंगाला द्या. पहिलं काम कोणतं? आणि घरच्यांना कोणती कामं द्यावीत, कोणती मुळीच देऊ नयेत?

---

ओव्हरसाइज_पिस्टन (नागपूर)

रंग शेवटी. आधी रंगवलं तर लाकूड बदलायचं राहतं, मग दार बसत नाही आणि ताज्या रंगावर कानस चालवावी लागते. घरी काढलेली कामं वर्षानुवर्षं अडकतात ती इथेच. माझा क्रम असा: कागदपत्रं, मोजमाप, लाकूड, ब्रेक, इंजिन, वायरिंग. मग गाडी विनारंगाचीच आवारात आणि वावरातल्या रस्त्यावर पुरेशी फिरवायची, गळती-खडखड सगळं बाहेर येऊ द्यायचं. त्यानंतर रंग.

एका वेळी एकच भाग खोला. नट-बोल्ट झिपच्या पिशवीत, आणि आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी. मार्करची शाई डिझेल लागलं की जाते. वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवा. ही नोंदवही मुलीकडे द्या: भाग, डावी की उजवी बाजू, बोल्ट किती, फोटोचा नंबर. साधं वाटतं, पण गाडी परत जुळते ती या वहीवर.

आता ट्रॅक्टरच्या हत्यारांबद्दल, कारण नुकसान इथे होतं. टीडीचं एक्सपीएजी इंजिन विचित्र आहे: बोल्टचे आटे मेट्रिक, पण डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश इंची मापाची. त्यात ८ मिमीचा आटा १ मिमी पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर) आहे. तुमच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा ८ मिमी बोल्ट १.२५ पिचचा असतो. दोन फेरे हाताने जातो, म्हणून वाटतं बसला. पुढे पाना लावला की ब्लॉकमधले आटे सोलून काढतो. प्रत्येक बोल्ट पिच गेजने तपासायचा, तो पातळ पत्त्यांचा जुडगा फार महाग नसतो. पाने पण व्हिटवर्थचे घ्या. पाव व्हिटवर्थचा पाना १३.३ मिमीचा असतो. त्या डोक्यावर १३ चा चढत नाही आणि १४ चा घसरून कोपरे गोल करतो. चासीवर बीएसएफ (ब्रिटिश बारीक इंची) आटे आहेत, ते वेगळे.

इंजिन उचलायला शेडच्या छताच्या कैच्यांवर भिस्त ठेवू नका. बोअरची मोटर काढायची लोखंडी तिपाई गावात कुणाकडे तरी असतेच. ती आणि एक टनाची चेनपुली पुरते.

---

तिवसाचं_जू (घाटंजी)

भाऊ, या गाडीले लोखंडी गाडी समजू नका. चासी लोखंडाची, पण वरचा सांगाडा लाकडाचा आहे, मूळचा ॲश. पत्रा म्हणजे त्याच्यावरचं कापड. दार उचला लागते याचा अर्थ बिजागरी खराब नाही, खालचं लाकूड गेलं. टीडीचं दार मागच्या खांबाले लटकते अन् समोर लागते. मागच्या खांबाचा बुड अन् चासीच्या बाजूची लांब पट्टी, या दोन जागी टोच्या मारून पाहा. टणक लागलं तं ठीक. भसकन आत गेला तं तो तुकडा बदला लागते, लांबी (पुट्टी) भरून भागत नाही.

पण काही काढायच्या आधी माप. दोन्ही दारांच्या चौकटींची वरची रुंदी, खालची रुंदी अन् दोन्ही कर्ण प्लायच्या तुकड्यावर लिहून ठेवा. मग समोरच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत २५ मिमीच्या अँगलची फुली स्क्रूने आवळा. अन् एका वेळी एकच बाजू. दोन्हीकडचं लाकूड एकदम काढलं तं सांगाडा तिरपा होते, मंग कोणतंच माप खरं राह्यत नाही.

जुना तुकडा कितीबी सडका असो, फेकू नका. त्याच्यावरूनच नवा कापा लागते.

---

बोरी_अरब_एक्सप्रेस

आपल्याकडे ॲश मिळत नाही. धावडा किंवा तिवस चालेल का? बंडीच्या कण्याला, जुवाला तेच वापरतात, झटका सोसतात.

---

तिवसाचं_जू

झटका सोसते हे खरं. पण धावडा वाळताना तडकते, वाकते, अन् जडबी लय. इथं माप दोन मिमीनं हललं तं दार अडकते. म्हणून सागवानच. ॲशएवढं लवचीक नाही, पण जागा सोडत नाही. जुन्या घराचे पाडलेले सरे-पाट्या भेटले तं सगळ्यात बरं, ते वाळून बसलेलं लाकूड राह्यते. फक्त आतले खिळे शोधून काढा, नाही तं रंध्याचं पातं जाते. नवं घ्यायचं तं वन विकास महामंडळाच्या किंवा वनखात्याच्या डेपोतून पावतीसकट घ्या.

सागवानात तीन गोष्टी सांभाळा लागतेत. एक, लाकडात तेल आहे, म्हणून इपॉक्सी धरत नाही. जोड लावायच्या ऐन आधी ॲसिटोननं पुसा अन् लगेच चिकटवा. सकाळी पुसून संध्याकाळी चिकटवलं तं तेल परत वर येते. दोन, खिळा असाच ठोकला तं लाकूड फाटते. आठ नंबरच्या स्क्रूले ३ मिमीचं छिद्र आधी पाडा. पितळी स्क्रू लावायचा असल तं पह्यले तेवढ्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून आटे पाडून घ्या, मंग पितळी. नाही तं त्याची मान तुटून आत राह्यते. तीन, वाळवीचं औषध जोड चिकटल्यावर मारा, आधी मारलं तं चिकट बसत नाही.

पत्र्याची कड लाकडावर दुमडून बारीक खिळ्यांनी बसवलेली आहे. ती बोथट पटाशीनं हळूहळू उघडा. एकदा उघडते. तीच घडी दुसऱ्यांदा उघडाले गेले तं पत्रा चिरते. पायाखालच्या फळ्या प्लायच्या आहेत, त्याले आयएस ७१० मार्काचं मरीन प्लाय, जुन्या फळीची जाडी मोजून.

तुमच्या बाबांले हेच काम द्या. माप काढणं अन् सांधा जमवणं बंडीवाल्यापेक्षा चांगलं कोणाले जमत नाही.

---

दाब_धर_सोड (अमरावती)

ब्रेकचं मी सांगतो, आणि इथे काटकसर नको. टीडीला चारही चाकांना ९ इंची ड्रम, लॉकहीडचा हायड्रॉलिक ब्रेक, आणि सर्किट एकच. एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो.

ड्रम काढायच्या आधी एक गोष्ट: ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये (ड्रमला घासणाऱ्या पट्टीत) ॲस्बेस्टॉस असतं असंच धरून चाला. कंप्रेसरची हवा मारायची नाही, ब्रशने झटकायचं नाही. पाण्यात थोडा साबण घालून स्प्रेने ओलं करा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बंद करून टाका. मुलगा त्या वेळी शेडमध्ये नको. जुना रंग कोरडा घासण्यालाही हाच नियम, त्या काळच्या रंगात शिसं असायचं. पाण्याचा पॉलिश पेपर वापरा आणि त्या कपड्यांत स्वयंपाकघरात जाऊ नका.

पुढच्या प्रत्येक चाकाला दोन सिलिंडर, मागे एकेक. इतकी वर्षं उभ्या गाडीत आत खड्डे पडलेले असणार. नुसते रबर बदलले तर आठवडाभर चांगलं वाटतं, मग खड्ड्यावरून घासून नवं रबर चिरतं आणि गळती पुन्हा सुरू. सिलिंडर बोअर करून स्टेनलेसची स्लीव्ह बसवून घ्या, मास्टर सिलिंडरसकट. नागपूरला हिंगण्याच्या एमआयडीसीत हे काम करणारे सापडतात. पाइप ३/१६ इंची, तांबे-निकेलचा. फ्रिजवाल्यांकडची साधी तांब्याची नळी वापरू नका. ती कंपनांनी कडक होऊन फ्लेअरपाशी (नळीच्या पसरवलेल्या तोंडापाशी) तडकते.

ऑइल डॉट ४. ते हवेतलं पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्यात उघडलेला डबा पुढच्या वर्षीसाठी ठेवू नये. पहिल्या भरणीला आणि ब्लीडिंगला (पाइपातली हवा काढायला) लिटरभर हाताशी असू द्या.

ब्लीडिंग हे खरं घरचं काम, दोघं लागतातच. एक पॅडलवर, एक चाकाच्या निपलपाशी (हवा सोडायच्या स्क्रूपाशी). तिसरा असेल तर त्याचं लक्ष फक्त ब्रेक ऑइलच्या पातळीवर. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. खालचा म्हणतो "दाब", वरचा दाबून "धरलं" म्हणतो, मग निपल उघडायचं. निपल बंद झाल्यावरच "सोड". वरच्याने आधी सोडलं तर निपलमधून हवा परत आत जाते आणि पहिल्यापासून सुरुवात. ॲडजस्टर ड्रम अडेपर्यंत आवळून मग चाक मोकळं फिरेपर्यंत मागे घ्यायचा.

---

ओव्हरसाइज_पिस्टन

इंजिन. जाम आहे म्हणून ट्रॅक्टरला बांधून ओढू नका. आधी रॉकर शाफ्ट काढा, कारण व्हॉल्व्ह पण अडकलेले असू शकतात आणि फिरवताना पुशरॉड वाकतो. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये ५० मिलीच्या आसपास निम्मं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि निम्मं ॲसिटोन ओता. मोकळ्या हवेत, विडी-काडी लांब. ॲसिटोन उडून जातं, म्हणून दोनेक दिवसांनी परत ओतायचं. मग चौथा गिअर टाकून गाडी मागे-पुढे डोलवा. धक्का नको, डोलवणं. जरा जरी हललं तरी तिथेच थांबा, परत तेल, परत दुसऱ्या दिवशी. आठवडाभरात दाद दिली नाही तर हेड आणि संप (इंजिनाखालची तेलाची टाकी) काढून पिस्टन लाकडाच्या ठोकळ्याने ठोकून सोडवा.

फिरलं तरी हेड काढाच. या इंजिनाचं हेड दोन व्हॉल्व्ह सीटच्या मधल्या भागात तडकण्यासाठी बदनाम आहे. लाल डायची (चिरेत शिरून ती दाखवणाऱ्या रंगाची) तपासणी करून घ्या, त्यानंतरच सीट आणि गाइडवर पैसे घाला. बसवताना मधल्या नटापासून बाहेर, तीन टप्प्यांत, शेवटी ५० फूट-पाउंड, म्हणजे साधारण ६८ न्यूटन-मीटर. टॉर्क पाना नसेल तर भाड्याने आणा, अंदाजाने नको.

टॅपेटचा गॅप (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) रॉकर कव्हरवरच्या पट्टीवर लिहिलेला असतो: सुरुवातीच्या इंजिनांना ०.०१९ इंच, नंतरच्यांना ०.०१२. कव्हर मधल्या काळात बदललेलं असू शकतं. ०.०१९ चा कॅमशाफ्ट ०.०१२ वर लावला तर इंजिन शांत वाजतं, पण व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो. आत कॅमशाफ्ट कोणता आहे याची खात्री करा.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी तेलाचा दाब. वर्षानुवर्षं कोरडा पंप तेल ओढत नाही. पंप उघडलाच असेल तर गिअरमध्ये पेट्रोलियम जेली भरून बंद करा. प्लग न लावता स्टार्टरने फिरवा, गेजचा काटा उचलला की मगच प्लग. तेल २०डब्ल्यू-५० मिनरल. मागच्या बाजूने थेंब पडतील. क्रँकच्या मागे रबरी सील नाहीच, उलट्या आट्यांची खाच तेल परत फेकते आणि गाडी उभी असताना ती काम करत नाही. कुणी "सील बदलून देतो" म्हणाला तर तो हे इंजिन ओळखत नाही. क्रँककेसचा ब्रीदर साफ ठेवा आणि तेल खुणेच्या वर भरू नका, एवढंच हातात आहे.

---

मॉडिफाय_किंग

एवढा कुटाणा कशाला? मारुतीचं इंजिन-गिअरबॉक्स टाका, अल्टरनेटर लावा, डिस्क ब्रेक घ्या. अर्ध्या खर्चात रोज चालवायची गाडी होते.

---

सातबारा_आणि_आरसी (वणी)

रोज चालवायची असेल तर व्हिंटेज नोंदणीच मिळणार नाही, आणि मारुतीचं इंजिन टाकलं तर ती मिळण्याचा प्रश्नच मिटला. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी-चारचाकी व्हिंटेज धरतात. चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरफार असेल तर नाही. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंतर नूतनीकरण ५,००० रुपये. नव्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला मूळ नंबर ठेवता येतो. रस्त्यावर आणायची ती प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणं आणि दुरुस्ती यांसाठीच. धंद्यासाठी किंवा नेहमीच्या वापरासाठी नाही.

तुमचं पुस्तक नीट पाहा. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत विदर्भ मध्य प्रदेशात होता, मग द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० ला महाराष्ट्रात. १९५२ ची नोंद विदर्भातली असेल तर ती त्या जुन्या राज्याची असणार, आणि पुढच्या बदलांचे शिक्के आहेत की नाहीत यावर तुमचं आरटीओतलं काम सोपं की अवघड ते ठरेल. चासी आणि इंजिन नंबर पुस्तकाशी आजच जुळवा, पत्रा घासायच्या आधी. नंबरच्या पट्टीवर सँडपेपर चालवू नका.

लाकूड बदलताना प्रत्येक टप्प्याचा फोटो ठेवा. मूळ आकाराची दुरुस्ती आणि फेरफार यातला फरक दाखवायला तेच कामी येतील.

---

धन_अर्थ (हिंगणघाट)

वायरिंग: ही गाडी १२ व्होल्टची, पण पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू चासीला. गावचा इलेक्ट्रिशियन सवयीने बॅटरीची निगेटिव्ह चासीला लावतो. गाडी चालूही होते, पण ॲमीटर उलटा दाखवतो आणि डायनामो-रेग्युलेटरची जोडी बिघडू शकते. बॅटरीजवळ लाल पाटी लावाच. एलईडी किंवा मोबाइलचा चार्जर चासीतून अर्थ घेऊन जोडू नका, जळतील.

मूळ फ्यूज मोजून दोन, ३५ अँपियरचे, आणि बरीचशी लाइन त्यांच्या बाहेर. वायर कुरतडलेली म्हणजे जुना गठ्ठा जोडत बसू नका, पूर्ण हार्नेस नवा करा. जुना गठ्ठा अख्खा काढून प्लायच्या पाटावर खिळ्यांनी पसरवा आणि त्याच लांबीचा नवा त्याच्याशेजारी बांधा. मुलगा नववीत आहे ना, मल्टिमीटर त्याच्या हातात द्या: प्रत्येक वायरची दोन टोकं तपासून खूण करणं. बॅटरी जोडलेली नसताना यात धोका काही नाही. बॅटरीला कट-ऑफ स्विच आणि हेडलाइटच्या लाइनला वेगळा फ्यूज एवढी भर घाला, दिसतही नाही.

---

शिवणकाम_सावनेर

दादा, वहिनींना शिवणकाम येत असेल तर सीट घरी होतील, पण मर्यादा समजून. घरच्या काळ्या मशीनवर रेक्झिनचे दोन थर जातात. पायपिंगच्या जागी चार थर होतात, तिथे मशीनची टायमिंग बिघडते. तेवढी शिवण बॅग-तंबू शिवणाऱ्याकडून घ्या. सुई १८ नंबर, धागा पॉलिस्टरचा जाड, टाका ४ मिमी. टाका बारीक ठेवला तर रेक्झिन तिकिटासारखं त्या ओळीवर फाटतं. जुनं कव्हर उसवून पेपरवर ठेवून कापा, पण त्याआधी प्रत्येक तुकड्यावर बाण आणि नंबर. जुनं कव्हर ताणून वाढलेलं असतं, त्यामुळे मोठ्या तुकड्यांत किंचित कमी धरावं लागतं. आधी जुन्या चादरीचं एक कव्हर शिवून बसवून बघा. हुडाचं कापड मात्र गाडी पूर्ण जुळल्यावरच कापायचं, फ्रेम उभी करून.

---

वाडा_आणि_शेड

खूपच कामाचं. इंजिन-चासी नंबर आज जुळवले, जुळतात. अजून तीन शंका: टाकी घरी साफ होईल का? आताचं इथेनॉलचं पेट्रोल चालेल का? आणि मे महिन्यात ४५-४६ अंशांत ही गाडी तापणार नाही का?

---

ओव्हरसाइज_पिस्टन

टाकी: क्षमता साधारण ५७ लिटर. टाकीला वेल्डिंग लावायचं नाही, रिकामी वाटली तरी नाही. आतल्या वाफेने स्फोट होतो. गळत असेल तर डाग (सोल्डर) देणाऱ्याकडे, तीही उकळत्या पाण्याने धुऊन. गंजासाठी ३ किलो सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत, कोमट पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरा. एक दिवस ठेवा. ओतून सोड्याच्या पाण्याने धुवा, साधं पाणी, उन्हात वाळवणं आणि लगेच लिटरभर डिझेल आत फिरवून काढून टाकणं. वाळवून तशीच ठेवली तर रात्रीत पुन्हा लाली धरते.

इथेनॉल: आता पंपांवर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) येतं. ते जुनी रबरं फुगवतं, कॉर्कचे गॅस्केट आणि फ्लोटची नीडल खराब करतं, आणि पावसाळ्यात पाणी ओढून तळाशी थर करतं. होजपाइप इथेनॉलला टिकणारा, टाकी पावसाळ्यात रिकामी, कार्बोरेटर दोन्ही कोरडे. कम्प्रेशन ७.२५ आहे, ऑक्टेनची काळजी करू नका. गाडीतला पेट्रोलचा पंप मूळच्या एसयू कंपनीचाच दुरुस्त करा. दुसऱ्या गाडीचा इलेक्ट्रिक पंप दाब जास्त देतो, फ्लोट तो अडवू शकत नाही आणि पेट्रोल तापलेल्या एक्झॉस्टवर टपकतं. हे आगीचं कारण आहे.

कार्बोरेटर दोन, एसयू एच२, नीडल 'ईएस'. जेटचा नट पूर्ण वर घेऊन दोन फेरे खाली, ही सुरुवात. मग रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं आळीपाळीने दोन्ही तोंडांशी, आणि दोन्हीकडचा सूं आवाज सारखा होईपर्यंत थ्रॉटल जुळवायचा. इंजिनच्या गडबडीत हे मुलांना आपल्यापेक्षा चांगलं ऐकू येतं, फक्त ओढणी आणि सैल बाह्या पंख्यापासून लांब.

तापण्याचं: या रेडिएटरला दाबाची टोपी नाही, म्हणजे पाणी १०० अंशांच्या आसपास उकळणारच. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, त्याचा क्षार ब्लॉकमध्ये थर धरतो. मागच्या सिलिंडरभोवती सगळ्यात जास्त. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट घाला. रेडिएटरचा कोअर नवा करून घ्या, बाहेरचं कवच मूळ ठेवून. टायमिंगही तपासा: इग्निशनचे पॉइंट टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर असताना) उघडायला हवेत, बल्ब लावून पाहता येतं. त्याहून उशिरा उघडले तरी गाडी तापते आणि लोक उगाच रेडिएटरला दोष देतात.

---

दाब_धर_सोड

टायरचं कुणी बोललं नाही. मूळ माप ५.५०-१५. ॲम्बेसेडरचे ५.९०-१५ या रिमवर बसतात, पण दुकानात पडून कडक झालेला जुना माल गळ्यात मारतात. बाजूवरच्या बारीक चिरा बघून घ्या. १६५ आर १५ रेडियल पण चालतो. रेडियल आणि साधा एकाच गाडीत मिसळू नका. ट्यूब लागतेच.

---

मॉडिफाय_किंग

बरं, इंजिन राहू द्या मूळचं. गिअरबॉक्समध्ये तरी ट्रॅक्टरचं ९० नंबरचं तेल चालेल ना?

---

ओव्हरसाइज_पिस्टन

डब्यावर जीएल-५ (गिअर तेलाचा दर्जा) लिहिलं असेल तर गिअरबॉक्समध्ये नको. त्यातली गंधकाची रसायनं पितळी सिंक्रो रिंग खाऊ शकतात. तिथे जीएल-४ घाला. मागचा ॲक्सल हायपॉइड (एकमेकांवर घसरत फिरणाऱ्या दातांचा) आहे, त्याला मात्र जीएल-५ चं ९० च हवं. दोन्ही डबे शेडमध्ये शेजारी ठेवू नका, आणि ओतायच्या आधी भरणीचा बोल्ट सुटतो का ते बघा. तेल काढून टाकलं आणि भरणीचा बोल्टच सुटला नाही तर गाडी तिथेच बसते.